हरिभाऊंची वाटी

हरिभाऊ राऊतांच्या घरी तुम्ही सुट्टीला राहायला गेलात, तर ते तुम्हाला साधा चहा विचारणार नाहीत. उलट दिवेलागणीला तेच तुमच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभे राहतील, मान आत घालून एक दीर्घ वास घेतील आणि विचारतील, “शिजवलं की मागवलं?”

नव्या पाहुण्याला वाटतं, गावातला कुणी मागायला आलेला म्हातारा असेल. ठाण्याच्या एका गृहस्थांनी तर वाटीत नाणं टाकलं होतं. हरिभाऊंनी दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाणं केळ्यांच्या फणीवर ठेवून परत केलं आणि त्यांना शांतपणे सांगितलं की मी या घराचा मालक आहे, मला भाजी हवी होती. ते गृहस्थ इतके ओशाळले, की उरलेले दोन्ही दिवस त्यांनी दोन्ही वेळा वाटी काठोकाठ भरून पाठवली.

मी वसईत कोर्टाजवळ एका वकिलांकडे कागदपत्रं टाइप करते. राहते विरारला मनवेलपाड्यात. माहेर मालवणकडचं, त्यामुळे जीभ जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते. एकदा दुपारी मी डबा उघडते न उघडते तोच पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि पायांना लाल माती अशा थाटात हरिभाऊ ऑफिसात आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, आधी माझ्या डब्यात डोकावले. “शिजवलं की मागवलं?”

शिजवलं, पहाटे उठून शिजवलं, असं मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं. त्यावर “मग तुम्हीच टाइप करा” म्हणून ते माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. वकीलसाहेब आतल्या खोलीतून बघतच राहिले.

त्यांना पाहुण्यांसाठी करारनामा हवा होता. भुईगावात, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत, त्यांच्या वाडवडिलांची विड्याच्या पानांची वखार आहे. पूर्वी गावभरच्या मळ्यांतली पानं तिथं यायची, बायका ओळीनं बसून ती निवडायच्या, करंड्यांत भरायच्या आणि मग ती पानं गाडीनं पार उत्तरेकडे जायची. पुढे पानमळे गेले आणि वखार रिकामी पडली. ती आता हरिभाऊंनी आणि त्यांच्या पुतण्यानं, नितीननं, दुरुस्त करून सुट्टीला येणाऱ्यांसाठी भाड्यानं द्यायची ठरवली होती. आपलं सामान आणायचं, आपलं शिजवायचं, आपलं खायचं, अशी सोय. इथपर्यंत ठीक होतं. पण हरिभाऊंना करारात एक कलम घालायचं होतं: पाहुण्याने जेवण स्वतः शिजवावे, शिजवल्यापैकी एक वाटी मालकास द्यावी, आणि मालक ती वाटी रिकामी परत करणार नाही.

वकीलसाहेबांनी बाहेर येऊन समजावलं की असलं कलम कायद्यात बसत नाही. “कायद्यात नका बसवू,” हरिभाऊ म्हणाले, “कागदावर बसवा.” मी बसवलं.

मग जाहिरातही मीच लिहून इंटरनेटवर टाकली, कारण हरिभाऊंचा फोन बटणांचा, तोही बहुतेक वेळा केळीच्या बुंध्याशी विसरलेला. नितीन वसई रोडला फ्लॅटमध्ये राहतो, त्याला नोकरीतून सवड नाही. त्यामुळे पाहुण्यांचे निरोप माझ्या फोनवर येऊ लागले आणि त्या बदल्यात माझ्या टेबलावर लिंबं, केळी, सोनचाफ्याची फुलं. जाहिरातीचा मजकूर हरिभाऊंनी स्वतः सांगितला. पहिलं वाक्य होतं, डास आहेत. दुसरं, टीव्ही नाही. तिसरं, खिडक्या नाहीत, वर झरोके आहेत, कारण ही इमारत पानांसाठी बांधलेली आहे, माणसांनी जमवून घ्यावं. मी म्हटलं, अहो, काहीतरी चांगलंही सांगा. बराच विचार करून ते म्हणाले, “भांडी भरपूर आहेत.”

आणि ते खरं होतं. झोपायच्या खोल्या साध्याच, न्हाणीघर बरं, पण मागे जिथं करंड्या बांधायच्या तिथं केलेला स्वयंपाकघराचा थाट लग्नघराला पुरेल असा. लांबलचक ओटा, मोठी शेगडी, पाटा-वरवंटा, खोबरं खवायची विळी, आमटीची पातेली, माशाचं वेगळं, दुधाचं वेगळं. छताला तराजू टांगायचा आकडा अजून आहे, त्याला कांद्याची टोपली लटकवलेली. गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला पाणी तापवण्यापलीकडे काही येत नाही. शेजारच्या आपल्या दोन खोल्यांत ते दूध, केळी आणि पाव यांवर राहतात आणि संध्याकाळी वाटी घेऊन निघतात.

पानं निवडायची सवय त्यांच्या बोटांतून गेली असली तरी डोळ्यांतून गेलेली नाही. पाहुणे रिक्षातून उतरले की हरिभाऊ कोपऱ्यात उभं राहून त्यांची निवड करतात. कोवळं, तयार, जून आणि डागी, असे त्यांचे चारच प्रकार. नवं लग्न झालेलं जोडपं आलं की हळूच म्हणणार, “कोवळं आहे, जपून हाताळा.” वखारीत पानं ताजी राहावीत म्हणून पूर्वी दुपारी जमिनीवर पाणी शिंपडत, तसं हरिभाऊ अजूनही शिंपडतात. त्यात एक पुण्याचे प्राध्यापक घसरून बसले. त्यांनी इंटरनेटवर तक्रार लिहिली की जमीन ओली असते आणि मालक नेमका जेवणाच्या वेळी येतो. मी ती भीतभीत वाचून दाखवली. हरिभाऊ खूश झाले. म्हणाले, “बरोबर लिहिलंय. मी वेळेवर जातो.”

वाटीचा शेराही पानांच्याच भाषेत. आमटी कोवळी राहिली म्हणजे शिजली नाही. भाजी जून झाली म्हणजे करपली. कुणी फार मसाला घातला असेल तर म्हणणार, डाग झाकायला चुना जास्त लावलाय. त्या कोवळ्या जोडप्याला नूडल्सशिवाय काही येत नव्हतं. हरिभाऊंनी ते वाटीभर नूडल्स घरी नेऊन मुकाट्यानं खाल्ले आणि सकाळी वाटीच्या बदल्यात एक दुधी पाठवला. संध्याकाळी ती मुलगी आईला फोन लावून दुधीची भाजी करत होती आणि आई पलीकडून रडत होती, असं हरिभाऊंनीच मला सांगितलं. हे त्यांना झरोक्यातून ऐकू आलं म्हणे. झरोके जमिनीपासून किती उंच आहेत ते मी पाहिलंय.

सगळं असं झकास चाललं असताना भुईगावात मोबाइलवरून जेवण घरपोच यायला लागलं. पाहुणे सामान आणेनात. शेगडी आठवडाआठवडा पेटेना. दारात वाटी गेली की कुणीतरी हसत त्यात मंचुरियन घालायचं. हरिभाऊ दुसऱ्या दिवशी ते तसंच्या तसं परत नेऊन द्यायचे, वर लिंबू ठेवून. “हे शिजवलेलं नाही, मागवलेलं आहे. कलम वाचा.” मग तक्रारी वाढल्या, पाहुणे कमी झाले, आणि नितीनचा धीर सुटला. वखारीत त्याचा निम्मा हिस्सा. तो ऑफिसात येऊन मला म्हणाला की काकांना समजवा, आता कुणी सुट्टीत भांडी घासायला येत नाही. उन्हाळ्याआधी स्वयंपाकघर पाडून तिथं आणखी दोन खोल्या काढू. त्याचंही काही चूक नव्हतं, त्यानं दुरुस्तीला कर्ज काढलेलं.

हरिभाऊंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “जानेवारीपर्यंतचा हंगाम होऊ दे.” त्यानंतर मात्र ते ऑफिसात येईनासे झाले. माझ्या टेबलावरचा सोनचाफा सुकला. म्हणून एका रविवारी मीच भुईगावला गेले. घरून कुळथाची पिठी करून नेली होती, म्हटलं आज वाटी आपण भरू. ओतायच्या आधी मी वाटी पालथी करून झटकली, तर तळाशी नाव कोरलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी: रेमेत.

“ही तुमची वाटी नाही?”

“नाही,” हरिभाऊ म्हणाले. “द्यायची राहिलीय.”

मग पिठी खाताखाता त्यांनी सांगितलं. हरिभाऊंनी लग्न केलं नाही. का, तर वखारीत काम होतं. आई होती तोवर ती रांधायची. आई गेल्यावर गल्लीनं त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही. एका घरातून वरण, एका घरातून भाकरी, ख्रिस्ती घरांतून माशाचं कालवण, नाताळात गोडधोड. हरिभाऊ प्रत्येक वाटी परत करायचे ती वाडीतलं काहीतरी घालून. रिकामी वाटी परत करणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं, असं त्यांची आई सांगायची. सगळ्यांत जास्त वाट्या समोरच्या रेमेतबायकडून. तिचा नवरा बोटीवर, ती एकटी वाडी आणि पोरं सांभाळायची. तसलं काही शोधायला जाऊ नका. मी शोधलं, सापडलं नाही. कुणी तरी आपल्यासाठी रोज एका माणसाचं जास्त शिजवतं, एवढंच होतं, आणि ते काही थोडं नाही.

मग घरं निघाली. कुणी फ्लॅटमध्ये, कुणी आखातात. नवरा वारल्यावर रेमेतबायला लेकीनं कॅनडाला नेलं. घर विकलं, तिथं कुणा मुंबईकराचा बंगला उठला, तो बाराही महिने कुलपात. जायच्या आदल्या दिवशी तिनं वालाचं बिरडं पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची गाडी निघाली तेव्हा हरिभाऊ मळ्यात जाऊन बसले. त्यांना ते बघवणार नव्हतं. संध्याकाळी घरी आले तेव्हा गल्लीत एकाही घरातून फोडणीचा वास नव्हता, आणि वाटी ओट्यावर होती.

“पुतण्याला वाटतं मी धंदा काढला,” ते म्हणाले. “मना फक्त इथं कुणीतरी शिजवायला पाहिजे होतं.”

बाहेरच्यांशी ते नेहमी शाळेत शिकवल्यासारखं नीट बोलतात. घरच्या बोलीतलं ते ‘मना’ माझ्यासमोर पहिल्यांदाच निसटलं. मी उठून भांडी घासायला घेतली.

आणि खरं सांगते, नाताळच्या आधी माझ्या फोनवर जानेवारीतल्या एका आठवड्यासाठी बुकिंग आलं. कॅनडाहून, लेकीच्या नावानं. खाली मराठीत एकच प्रश्न: आईला विचारायचं आहे, शेगडी चालू आहे ना? भाच्याच्या लग्नाला यायचं होतं, नातेवाइकांच्या फ्लॅटमध्ये आईला राहायचं नव्हतं, आणि इंटरनेटवर शोधताना लेकीला आमची ती डासांपासून सुरू होणारी जाहिरात सापडली होती. आईनं म्हणे ती ऐकून लगेच ओळखलं, हे हरीनं लिहिलंय.

मी हरिभाऊंना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. बराच वेळ पायाची माती खरवडत राहिले. मग म्हणाले, “सावंतबाई, मला बिरडं शिकवा.”

मी म्हटलं, लिंबं द्या, फुलं द्या, एवढी वर्षं तेच देत आलात. ते ऐकेनात. वाटीत शेवटी जे आलं होतं तेच भरून जायला हवं होतं, आणि मागवलेलं चालणार नव्हतं. वाल भिजवणं, मोड आणणं यात त्यांची परीक्षा नव्हती, आणि सोलण्यात तर त्यांनी मला गार केलं. पानं निवडलेली बोटं. एक डाळिंबी मोडली नाही. पण पातेलं चुलीवर चढलं की त्यांचा धीर सुटायचा. पहिल्या खेपेला मीठ नव्हतं, दुसऱ्या खेपेला मीठच होतं. तिसरं जून झालं. प्रत्येक प्रयोग डब्यात घालून ते ऑफिसात आणायचे. वकीलसाहेबांनी खाल्लं, झेरॉक्सवाल्यानं खाल्लं, तारखेला आलेल्या दोन्ही बाजूच्या पक्षकारांनी खाल्लं आणि बिरडं बिघडलंय या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं. जानेवारीपर्यंत कोर्टाच्या गल्लीत वालाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

रेमेतबाय आली त्या सकाळी मी रजा घेऊन भुईगावला गेले. पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, पायात लेकीनं घेतलेले जाडजूड बूट. रिक्षातून उतरून ती आधी समोरच्या बंगल्याच्या फाटकाकडे बघत उभी राहिली. मग वळली, वखारीत शिरली आणि खोल्या न बघता सरळ मागे स्वयंपाकघरात गेली. एकेक झाकण उचलून बघितलं. पातेली उन्हाला धरून बघितली. मग तिनं विचारलं, “हरी कुठे आहे?”

हरी नव्हता. घरात नव्हता, विहिरीवर नव्हता. मला शंका आली आणि मी मळ्यात गेले. केळीच्या रांगेआड हरिभाऊ उभे, धुतलेला शर्ट, हातात वाटी, वर विड्याचं पान झाकलेलं. माझ्याकडे वाटी पुढे करून म्हणाले, “तुम्हीच द्या. मला जमायचं नाही.”

मला मनापासून राग आला. अर्धी कोर्टाची गल्ली आजारी पाडली ती काय मी वाटी पोचवावी म्हणून? मी सांगितलं, “कलम तुमचं, वाटी तुमची, पाहुणी तुमची. मी फक्त टाइप करते.” आणि वळून चालू लागले. मागे सुकलेल्या पानांवर पावलं वाजली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ते दोघं त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. ती माझ्या मालवणी कानांना बरीचशी कळते, म्हणून माझ्या भाषेत सांगते. रेमेतबायनं पान उचललं, वास घेतला. “कुणी शिजवलं?”

“मी.”

तिनं उभ्याउभ्याच दोन बोटांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. हरिभाऊ तिच्या तोंडाकडे निकाल लागायचा असल्यासारखे बघत होते. “मीठ बरा हाय,” ती म्हणाली. मी नंतर चाखलं. मीठ जास्तच होतं.

“तू निघालीस तेव्हा मी मळ्यात होतो,” हरिभाऊ म्हणाले. “तुझी वाटी राहिली.”

“ठाऊक आहे. शेवग्यामागे उभा होतास. डोकं दिसत होतं.” तिनं आणखी एक घास घेतला. “आणि वाटी राहिली नव्हती. मी ठेवून गेले होते. घर विकलं, झाडं विकली. या गल्लीत कुणाकडे तरी माझं काही असायला नको?”

एवढी वर्षं हा माणूस दारोदार ती वाटी भरून घेत होता, ती रिकामी राहू नये म्हणून, आणि तिकडे तिला ती परत नकोच होती. मी कांदे नसताना डोळे पुसले, हे कबूल करते.

त्या आठवड्यात वखारीची शेगडी विझली नाही. भुईगावातले राहिलेले सगळे येऊन गेले, फ्लॅटमधले आले, लग्नाचं वऱ्हाड आलं. कोलंबी, बोंबील, भाकऱ्या. नितीनही आला, मोजमाप घ्यायला टेप घेऊन. रेमेतबायनं त्याच्यापुढे कालवण-भात ठेवला. लहानपणी तिनं त्याचं नाक पुसलेलं होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. जेवण झाल्यावर तिनं सहज विचारलं, “हे पाडलंस तर पुढच्या खेपेला मी कुठे शिजवू रे?” नितीननं टेप खिशात घातली. आता तो वाडीतली भाजी आणि सकाळचे बोंबील पाहुण्यांना आयते विकत देण्याचं बघतो, म्हणजे शिजवायला सामान आणायचा त्रास नको. पाहुणे पुन्हा येऊ लागलेत. काही तर मुलांना घेऊन येतात, घर सोडण्याआधी शिजवायला शिका म्हणून. मागवणारेही असतात. हरिभाऊ त्यांना आता बोलत नाहीत, फक्त सकाळी दुधी पाठवतात.

ती गेली त्या दिवशी मी नव्हते. पण दोन दिवसांनी हरिभाऊ ऑफिसात आले. टेबलावर सोनचाफा ठेवला, माझ्या डब्यात डोकावून खात्री करून घेतली आणि म्हणाले, पुढच्या वर्षीचा जानेवारी कुणाला द्यायचा नाही, तेवढं इंटरनेटवर बंद करून टाका.

मी विचारलं, “त्यांनी येते म्हणून कळवलंय का?”

“कळवायचं काय त्यात?” हरिभाऊ म्हणाले. “वाटी माझ्याकडे आहे.”